तिसऱ्या खांबाचा वारा

ऑफिसात तिला सगळे वाराताई म्हणत. हे नाव ठेवणाऱ्याने फार डोकं खाजवलं नव्हतं. बावीस वर्षं ती जागोजागचा वारा मोजून आणत होती, म्हणून वाराताई. नव्याने लागलेल्या एका कारकुनाला ते तिचं आडनावच वाटलं आणि त्याने तिच्या रजेच्या अर्जावर तसं लिहूनही टाकलं. तिने ते दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारख्या गोष्टी जगात इतक्या असतात की माणसाने त्यातल्या निवडून घ्याव्यात, असं तिचं मत होतं.

काम सांगायला सोपं होतं. शाळा, दवाखाना, काहीही बांधायचं ठरलं की आधी त्या मोकळ्या जागेवर वाराताई जायची. चार ठिकाणी खांब रोवायचे. ऊन किती वेळ टिकतं, सावली कुठवर सरकते, माती किती ओल धरते, झाडांच्या बुंध्याचा घेर किती, हे सगळं वहीत उतरवायचं. आणि वारा. वाऱ्यासाठी तीन वाट्यांचं एक यंत्र असे. वारा आला की वाट्या गरगर फिरत आणि खालच्या काचेत आकडा उमटे. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी पाच, असे चाळीस दिवस. आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं ऑफिसात दोनच होती, आणि ती नेहमी दुसऱ्या कुठल्या तरी जागेवर लागलेली असत.

पूर्वी साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक, तिची वही मांडीवर घेऊन बसत आणि पेन्सिलीने रेघा ओढत. दोन आराखडे होत, फार तर तीन. आता आकडे संगणकात जात आणि संगणक हजारांनी आराखडे काढी. ते खातं धाकटीकडे होतं. धाकटी म्हणजे ऑफिसातली वयाने सगळ्यात लहान, अठ्ठावीस वर्षांची, वाराताईच्या थोरल्या मुलाएवढी. तिने एकदा चहा पिता पिता ताईला सगळं समजावलं होतं.

"सोपं आहे ताई. आधी हजार आराखडे कसेही काढायचे, डोळे मिटून. मग प्रत्येकाला गुण द्यायचे. आत गारवा किती, उजेड किती, झाडं किती वाचली, माती किती उकरावी लागली. वरचे शंभर ठेवायचे, बाकीचे फेकायचे. त्या शंभरांची आपसात लग्नं लावायची. याच्या भिंती, तिचं छप्पर. पोरं झाली की त्यांना पुन्हा गुण."

"आणि म्हाताऱ्यांचं काय करता?"

"काढून टाकतो."

"मग आमच्या घरच्यासारखंच आहे," वाराताई म्हणाली आणि कप विसळायला उठली. उठताना तिचा उजवा गुडघा कडकन वाजला. धाकटीने न ऐकल्यासारखं केलं.

गुडघा तीन वर्षांपासून कुरकुरत होता. या वर्षी त्याने बंडच पुकारलं. आणि नेमकी याच वर्षी उताराची जागा आली.

टेकडीच्या कुशीत चोवीस खाटांचा दवाखाना बांधायचा होता. थंड हवेची यंत्रं बसवायची नाहीत, जमिनीचा उतार आणि वारा यांच्यावरच सगळं भागवायचं, असं ठरलं होतं. पहिला खांब वर रस्त्याकडेला, दुसरा मधल्या सपाटीवर एका मोठ्या झाडाजवळ, चौथा बाजूच्या खडकावर, आणि तिसरा पार खाली, ओढ्याच्या काठाला. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत मातीत खणलेल्या एकशे चव्वेचाळीस पायऱ्या. पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर जागा बघायला आल्या होत्या. पन्नाशीच्या, बांधा मजबूत, बोलणं कात्रीने कापल्यासारखं. त्या साहेबांना म्हणाल्या, "इमारत कशी दिसेल ते तुम्ही ठरवा. माझं एकच म्हणणं आहे. मोठ्या वॉर्डात कुशीवरसुद्धा न वळणारे पेशंट असतात. ते उठून वाऱ्याकडे जाऊ शकत नाहीत. वाऱ्यानेच त्यांच्याकडे यायला हवं."

वाराताईने ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. मोजमापाशी त्याचा संबंध नव्हता, तरी.

एकोणीस दिवस ती दिवसातून तीनदा उतरली आणि चढली. विसाव्या दिवसापासून ऊन वेड्यासारखं तापायला लागलं. एकविसाव्या दिवशी दुपारी पायऱ्या उतरताना गुडघ्यात सळक आली आणि ती सत्तराव्या पायरीवर बसली ती अर्धा तास उठली नाही. मग बसत बसत, लहान पोरासारखी, वर आली. त्या दुपारचा तिसऱ्या खांबाचा आकडा तिने झाडाखाली बसून लिहिला. अंदाजाने. दुसऱ्या खांबाला इतका, तर खाली थोडा कमी. बावीस वर्षांचा अंदाज म्हणजे काही थोडका नव्हे. उद्या उतरू, असं ती मनाशी म्हणाली.

उद्याही उतरली नाही. परवाही नाही. नऊ दिवस ती झाडाखाली बसून खालचा वारा लिहीत राहिली. तीन वेळा रोज, सत्तावीस आकडे. दहाव्या दिवशी डॉक्टरांच्या सुईने गुडघा जरा नरम पडला आणि ती पुन्हा खाली जायला लागली. त्या नऊ दिवसांचं तिने कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? चाळीस दिवस, चार खांब. त्यात सत्तावीस आकडे म्हणजे दर्यात खसखस.

बुधवारी सकाळी धाकटीने तिला हाक मारली. "ताई, या ना, बघा तुमच्या वाऱ्याने काय केलंय."

पडद्यावर दवाखाना होता. वरून पाहिलं तर झोपेत कुशीवर वळलेल्या माणसासारखी इमारत. मधल्या सपाटीवरून निघायची, उताराला बिलगून वळायची आणि ओढ्याकडे तोंड करून थांबायची. मोठा चौदा खाटांचा वॉर्ड अगदी टोकाला, आणि त्याची ओळीने सगळी तावदानं तिसऱ्या खांबाकडे. साहेब मागे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर पाच-सहा वर्षांत न दिसलेला आनंद होता.

"बावीसशे आराखडे झाले," धाकटी सांगत होती. "पहिल्या काही पिढ्यांत तोंडं कुठे कुठे होती. मग एकेक करत सगळे तिकडेच वळले. अहो, माणसं कधी इतकं एकमत करत नाहीत."

"ओढ्याकडेच का?" वाराताईने विचारलं. आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"तिथला वारा इमानी आहे ना. मी परीक्षा सगळ्यात तापलेल्या दहा दिवसांवर घेते. पेशंटना त्रास तेव्हाच होतो. आणि वारा पडला की आराखड्याचे गुण कापायचे. बाकीच्या तिन्ही खांबांवर त्या दहा दिवसांत वारा मध्येमध्ये पडतोच. एकट्या तिसऱ्यावर एकदाही शून्य नाही. बघा ना."

तिने आकड्यांचा रकाना उघडला. वाराताईने पाहिलं. दीड, एक पॉइंट सहा, एक पॉइंट चार, दीड. अगदी शिस्तीत, शाळेच्या रांगेसारखे. तिला आठवलं, प्रत्येक आकडा लिहिताना तिने क्षणभर खाली ओढ्याकडे पाहिलं होतं आणि आकडा जरा वरखाली केला होता, खरा वाटावा म्हणून. शून्य लिहिणं तिच्या मनातही आलं नव्हतं. मनाने लिहिणारा माणूस शून्य लिहीत नाही. काहीच नाही असं लिहायला तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

"सोमवारी परवानगीसाठी नकाशे जातील," साहेब म्हणाले. "ताई, हे तुमचंच श्रेय आहे हो."

वाराताई म्हणाली, "गुडघा दुखतोय जरा," आणि आपल्या टेबलाकडे गेली.

ती काय करून बसली होती ते तिला लख्ख दिसत होतं. लोक तिचं कधी ऐकत नसत. घरात नाही, ऑफिसात नाही. या यंत्राने मात्र तिचा शब्द न् शब्द खरा मानला होता, आणि नेमका खोटा तेवढा उचलून त्यावर चौदा खाटा मांडल्या होत्या. खाली खोलगट भाग आहे, समोर खडक. तापलेल्या दुपारी तिथे पानही हलत नसेल. नसेलच. पण तेही तिला नक्की माहीत नव्हतं, कारण ती तिथे गेलीच नव्हती.

आणि सांगावं तर? निवृत्तीला चार वर्षं होती. आकाशातल्या उपग्रहावरून वारा कळतो, मग जागेवर माणूस पाठवायचा कशाला, असं ऑफिसात दर दोन महिन्यांनी कुणीतरी म्हणायचंच. दर वेळी साहेब म्हणत, "उपग्रह पायऱ्या उतरत नाही." आता काय म्हणतील?

नवरा शाळेची बस चालवायचा. चारला घरी येऊन तो बनियनवर बसे आणि चहाची वाट पाहत वर्तमानपत्रातलं कोडं सोडवी. ती आली तेव्हा त्याने मान वर केली.

"काय, गुडघा?"

"गुडघा आहेच."

"मग तोंड का उतरलंय? तोंडाला काही गुडघा नसतो."

तिने चहा टाकला आणि ओट्याशी उभ्या उभ्याच त्याला सगळं सांगितलं. त्याने मध्ये तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाला, "चाळीसातले नऊच दिवस ना?"

"त्यांनी धरलेल्या दहांत तेच नऊ आहेत."

"हं." त्याने पेन्सिल कानावर ठेवली. "मी रोज सकाळी सही करतो. ब्रेक पाहिले, टायर पाहिले, सगळं ठीक. रोज पाहतोच असं नाही."

"अहो, गाडीत पोरं असतात."

"माहीत आहे. म्हणून ज्या दिवशी पाहत नाही त्या दिवशी गाडी हळू चालवतो."

चहा उतू गेला. ओटा पुसता पुसता तिच्या मनात आलं की इमारत हळू चालवता येत नाही. ती एकदा उभी राहिली की साठ वर्षं त्याच वेगाने उभी.

"सांगितलंस तर काढतील का तुला?" त्याने विचारलं.

"काढणार नाहीत कदाचित. पण मग वही कोण वाचेल माझी?"

"ते झालंच," तो म्हणाला, आणि तिच्याकडून फडकं घेऊन उरलेला ओटा त्याने पुसला.

गुरुवार तिने असाच घालवला. दोनदा साहेबांच्या दाराशी गेली आणि दोनदा स्टेपलरच्या पिना मागून परत आली. शुक्रवारी सकाळी धाकटीही आत होती. वाराताई आत गेली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तिसऱ्या खांबाचे नऊ दिवसांचे आकडे मी मनाने लिहिलेत. खाली उतरले नव्हते. एकविसाव्या दिवसापासूनचे."

साहेब ओरडणारे नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, आणि विचारलं, "आणखी कुठे?"

हा प्रश्न तिच्या ध्यानातच आला नव्हता. तिने नऊ दिवसांचा हिशेब मनात मांडला होता. बावीस वर्षांचा नाही.

"आणखी कुठेच नाही."

"मी मानतो. पण माझ्या मानण्यावर एकोणीस इमारती उभ्या आहेत, ताई."

धाकटी पडद्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "तपासता येईल. सगळ्या वह्या टाइप केलेल्या आहेत. प्रत्येक जागेवर शून्यं किती ते मोजता येईल. जिथे असायला हवीत तिथे नसली तर..." तिने वाक्य अर्धवट सोडलं आणि ताईकडे पाहिलं. "करू का?"

ती साहेबांना विचारत नव्हती, ताईला विचारत होती. वाराताईच्या ते लक्षात आलं.

"कर बाई," ती म्हणाली.

दुपारपर्यंत तिला काही काम नव्हतं. ती टेबलाशी बसून जुन्या पेन्सिलींना टोकं करत राहिली. बावीस वर्षांत ऊन खाल्लं, चिखल तुडवला, दोन वेळा साप बघितला, एकदा कुत्र्याने पोटरी धरली. ते सगळं आता आत एका पडद्यावर रांगेत उभं होतं, आणि कुणीतरी त्याचे दात बघत होतं, बाजारातल्या बैलाचे बघावेत तसे. भीती वाटत नव्हती. नुसतं दमल्यासारखं वाटत होतं. झोपलं तर थेट पुढच्या आठवड्यात जाग येईल, असं.

तीन वाजता धाकटीने बोलावलं. "अठरा जागा ठीक आहेत. एक आहे, सात वर्षांपूर्वीची. चाळीस दिवस, एकही शून्य नाही."

साहेबांनी ताईकडे पाहिलं.

"खिंडीतली शाळा," वाराताई म्हणाली. "तिथे वारा पडतच नाही. माझी टोपी दोनदा उडाली तिथे. दुसऱ्यांदा सापडली नाही."

"वहीत आहे का काही तसं?" साहेबांनी विचारलं.

"समासात बघा."

जुनी वही कपाटातून निघाली. धाकटीने पानं उलटली. सतराव्या दिवसाच्या समासात, आकड्यांच्या बाजूला, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: टोपी गेली.

साहेबांच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसू काही आलं नाही. "ठीक आहे," ते म्हणाले. "सोमवारचे नकाशे थांबवा. ते नऊ दिवस पुन्हा मोजायचे, ऊन अजून आहे तोवर. आणि यापुढे वहीच्या प्रत्येक पानावर दोन सह्या. ताईंची आणि धाकटीची."

ही शिक्षा नव्हती, कामाची पद्धत होती. तरी वाराताईला ती शिक्षेसारखीच लागली, आणि लागायला हवी होती, हेही तिला कळत होतं.

शनिवारपासून दोघी जायला लागल्या. धाकटीच्या खांद्याला यंत्राची पिशवी. ताई खेकड्यासारखी तिरकी, एकेक पायरी. तिने वरच थांबावं, आपण खाली वाचून ओरडू, असं धाकटीने सुचवलं होतं. वाराताई म्हणाली, "पुरे झालं माझं वर थांबणं." पहिल्या दुपारी खाली पोचल्यावर धाकटीने यंत्र खांबाला अडकवलं, वाट बघितली, मग त्यावर टिचकी मारली.

"ताई, हे अडकलंय वाटतं. फिरतच नाही."

"अडकलेलं नाही. लिही."

नऊ दिवसांच्या दुपारी सात वेळा तेच लिहिलं गेलं. धाकटीने खरे आकडे भरून पुन्हा सगळ्या पिढ्या वाढवल्या. कुशीवर वळलेली इमारत गेली. तिच्या जागी आले दोन सरळसोट ठोकळे, मध्ये अंगण, आणि चौदा खाटांचा वॉर्ड ओढ्यावरून उचलून मधल्या सपाटीवर, झाडाजवळ. साहेबांनी तो आराखडा दोन दिवस टेबलावर उलटा ठेवला. मग सरळ केला.

मोठ्या सिस्टर बघायला आल्या त्या दिवशी साहेबांनी वाराताईला आत बसवून घेतलं. "तुम्हीच सांगा त्यांना," ते म्हणाले होते. "मी सांगितलं तर नुसती ऑफिसची चूक होईल. तुम्ही सांगितलं तर काय झालं ते कळेल."

सिस्टरनी नकाशा पाहिला. "पहिला फोटो दाखवला होतात तो कुठे गेला? वळणाचा?"

वाराताईने सांगितलं. गुडघा, पायऱ्या, झाड, नऊ दिवस. सांगायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. इतके दिवस छातीवर बसलेली गोष्ट इतकी छोटी आहे, याचंच तिला नवल वाटलं.

सिस्टरनी नकाशा खाली ठेवला. "आमच्याकडे तापाचे तक्ते असतात," त्या म्हणाल्या. "नवी पोरगी कंटाळली की ताप न बघताच भरते. सगळ्यांना अठ्ठ्याण्णव. मी तक्ता हातात घेतला की ओळखते. इतके पेशंट एकसारखे बरे कधी नसतात."

"मग तिचं काय करता?" वाराताईने विचारलं.

"पुन्हा ताप बघायला लावते. माझ्यासमोर."

"आम्हीही तेच केलं," साहेब म्हणाले.

"मग झालं." सिस्टरनी नकाशा स्वतःकडे ओढला. "आता मला हे सांगा. या नव्या वॉर्डात वारा कुठल्या खाटेला लागणार नाही?"

साहेबांनी तोंड उघडलं. नवीन आराखड्याचे गुण ब्याऐंशी होते, आणि ते तेच सांगणार होते. त्याआधी वाराताईचं बोट कागदावर गेलं.

"ही," ती म्हणाली. "आणि भिंतीकडची ही. दुपारी एक ते तीन. झाड आहे, सावली असेल. पण वारा नाही."

"नक्की?"

"तिथे दुसऱ्या खांबाशी रोज बसत होते मी. नक्की."

सिस्टरनी पेन्सिलीने त्या दोन खाटांवर फुल्या मारल्या. "इथे चालतेफिरते पेशंट ठेवीन," त्या म्हणाल्या. "उकडलं तर उठून जातील बाहेर." मग त्यांनी पान उलटलं आणि विचारलं, न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर, कारण आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाला बाहेर काढायचं कसं. ते वाराताईच्या कामातलं नव्हतं. धाकटी उत्तर द्यायला पुढे सरकली. वाराताईने टेबलाखाली पाय लांब केला आणि गुडघा हळूहळू सरळ होऊ दिला.